बुधवारची पानं

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. डब्यात तिळाच्या वड्या शिल्लक होत्या आणि रविवार असल्यामुळे मुलगा-सून नातवाला घेऊन पुण्याहून फलटणला आले होते. त्या दिवशी, १९ तारखेला, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने होते. मुलींचाही आणि मुलांचाही, दोन्ही नेपाळशी. मी टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसलो. खो-खो म्हणजे आमचा खेळ! शाळेत असताना मी पाटीवर बसलेला माणूस आहे. आता नातवाला जरा चार गोष्टी सांगू, असा माझा बेत होता.

पाचच मिनिटांत बेत फसला.

माती नाही, मॅट. डोक्यावर झगझगीत दिवे. आणि मध्येच एक पाठलाग करणारा गडी मधली पाटी ओलांडून बिनधास्त पलीकडे गेला. मी ओरडलो, "अरे फाउल! फाउल आहे तो!" नातू शांतपणे म्हणाला, "आबा, तो वजीर आहे. तो कुठल्याही दिशेला जाऊ शकतो." मग त्याने मला ड्रीम रन समजावून सांगितली. बचाव करणारी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की तिलाही गुण मिळतात. हे सगळं त्याला मोबाइलवरच्या खेळांमुळे चटकन कळत होतं. मला मात्र काही केल्या पटेना. शेवटी मी म्हणालो, "हा खो-खोच नव्हे. तमाशा केलाय नुसता."

नातू तेरा वर्षांचा आहे. त्याने अगदी सरळपणे विचारलं, "आबा, तुम्ही खो-खोचा सामना शेवटचा कधी बघितला होता?"

मी मनात हिशेब केला. १९७२.

भारताच्या दोन्ही संघांनी विश्वचषक जिंकला. मुलींनी ७८-४०, मुलांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. घरात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. पण नातवाचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते माझंच वाक्य. ते वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं, आणि अगदी त्याच सुरात.

आधी खो-खोचं सांगतो. कबूल करायलाच हवं की मी खो-खो सोडला, खो-खोने मला सोडलं नाही. १९७१ साली मी तेरा वर्षांचा होतो. त्या वर्षी वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. एकवीस वर्षांच्या गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. मग ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडला हरवलं, चंद्रशेखरने दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले. आमच्या शाळेच्या मैदानावर त्या दिवाळीनंतर खो-खोला सात-आठ टाळकी उरली आणि पलीकडच्या कोपऱ्यात तीन यष्ट्यांसमोर वीस-पंचवीस जणांची रांग लागली. त्या रांगेत मी होतो. पुढचं वर्षभर कधीमधी खो-खो बघितला, मग तोही थांबला. २०२२ साली दिवाळीनंतर किशोर-किशोरींची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा खुद्द फलटणला झाली. देशभरातली मुलं आमच्या गावात येऊन धावली आणि मी घरात बसून ऑस्ट्रेलियातलं ट्वेंटी-ट्वेंटी बघत होतो. अशा माणसाने "हा खो-खोच नव्हे" म्हणायचं म्हणजे जरा अतीच झालं.

आणि मी ज्याला "खरा खो-खो" म्हणत होतो, तो तरी किती जुना? खेळ जुना आहे यात शंका नाही. पण त्याचे नियम पहिल्यांदा बांधले गेले ते १९१४ साली, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात. सुरुवातीच्या खेळात पाटीच्या दोन्ही टोकांना खांबही नव्हते. मग खांब आले, मैदानाची मापं बदलली, गुण मोजायची पद्धत बदलली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला १९५९-६० मध्ये झाली, म्हणजे तेव्हा मी जेमतेम रांगून उभा राहिलो असेन. मी शाळेत जो "पारंपरिक" खो-खो खेळलो, खांबाशी हुलकावणी देऊन साखळी धरून पळायचो, तो एखाद्या १९१४ सालच्या गड्याला दाखवला असता तर तोही म्हणाला असता, "हा काय खो-खो आहे?"

विटीदांडूचंही तसंच. आमच्याकडे विटी मारताना आणि अंतर मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणायचे. लहानपणी वाटायचं हे आमच्या गल्लीतच कुणीतरी रचलेले शब्द आहेत. पुढे कळलं की हे तेलुगूतले आकडे. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. कधी कोण कुठून आलं, कुणाबरोबर कोण खेळलं, देव जाणे. पण ते आमच्या तोंडात बसले आणि आम्हाला ते शुद्ध मराठी वाटले. आपण ज्या वयात खेळाला भेटतो, त्या वयातला खेळ आपल्याला मूळ वाटतो. त्याच्या आधी काही झालेलं असतं हे लक्षात येत नाही, आणि नंतर जे होतं ते बिघडणं वाटतं.

तर ते वाक्य. "हे गाणंच नव्हे. तमाशा केलाय नुसता." माझे वडील म्हणायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू.

अण्णा साखरवाडीच्या कारखान्यात कारकून होते. १९६६ साली त्यांनी घरात रेडिओ आणला. मोठा, लाकडी पेटीचा. लावल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट बघावी लागायची. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे. रेडिओ देवघराच्या शेजारी फळीवर बसला, त्यावर आईने विणलेला रुमाल आला, आणि त्याचं बटण फक्त अण्णांनी फिरवायचं हे न सांगता ठरलं. अण्णांना नाट्यसंगीत लागायचं. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर. संध्याकाळी कामावरून आले की सदरा खुंटीला लावून ते रेडिओजवळ बसत. सिनेमाचं गाणं चुकून लागलं तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

अण्णांसारखाच विचार करणारा एक माणूस काही वर्षं दिल्लीत मंत्री होता, हे मला फार पुढे वाचनात आलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. जन्म पुण्याचा, स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेले. १९५२ साली ते माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली. देशाचा कान सुधारायचा, असा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. झालं काय, तर लोकांनी रेडिओची सुई हलवून सिलोन लावलं. त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी आकाशवाणीलाही १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढून सिनेमाच्या गाण्यांना दार उघडावं लागलं.

पण गंमत पुढेच आहे. अण्णा ज्या नाट्यसंगीतासाठी जीव टाकत, ते तरी सोवळं होतं का? त्याची साथ करणारी पेटी परदेशी म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंद होती. 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आलं तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून नाटकाची पदं बांधली. मैफलीत तासभर चालणारी चीज नाटकाच्या पदात आली. पुढे त्यातलंच तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं तबकडीच्या एका बाजूवर मावलं. तेव्हाची तरुण पोरं बालगंधर्वांच्या पदांनी वेडी झाली होती आणि बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसू बघत होत्या. त्या काळच्या एखाद्या म्हाताऱ्या गवयाने ते ऐकून काय म्हटलं असेल, ते मी आता अगदी बरोबर ओळखू शकतो. असो.

अण्णा घरात असताना गीतमाला लागणं शक्यच नव्हतं. ती बुधवारी रात्री आठला. आणि तरी मी गीतमालेवर वाढलो, ते पानांमुळे.

अण्णांना जेवण झाल्यावर पान लागायचं. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर चौकात पानाची टपरी होती. टपरीवाल्याकडे रेडिओ होता आणि बुधवारी आठ वाजता त्याच्यापुढे दहा-पंधरा माणसं उभी असत. बुधवारी आठच्या सुमारास आई मला म्हणायची, "जा, अण्णांची पानं घेऊन ये." मी जायचो तो तासाभराने यायचो. अमीन सयानींचा आवाज, मग एकेका पायदानावरचं गाणं, शेवटी बिगूल आणि सगळ्यात वरचं गाणं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. अण्णा विचारायचे, "पानं आणायला तास लागतो?" आई भांडी आवरता आवरता म्हणायची, "गर्दी असेल." आणि रात्री अंथरूण घालताना हळूच विचारायची, "वर कुठलं होतं रे?" मी सांगायचो. मला वाटायचं, पोराचं कौतुक म्हणून विचारते.

अण्णा १९९८ साली गेले. आई आहे. १९३२ चा जन्म, म्हणजे नव्वदी कधीच ओलांडली. ऐकायला कमी येतं पण स्मरण पक्कं.

विश्वचषकाच्या त्या रात्री पाहुणे झोपल्यावर मी एक हिशेब मांडून बसलो. मागे कधीतरी एक अभ्यास वाचला होता. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी १९८९ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी १०८ माणसांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवडीला गुण द्यायला सांगितले. निष्कर्ष असा की माणसाला सगळ्यात जास्त आवडतात ती गाणी, जी तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना लोकांच्या ओठांवर होती. म्हटलं, बघू तरी आपल्या घराला हे माप बसतं का.

अण्णा. जन्म १९२६. साडेतेविसावं वर्ष लागतं १९४९-५० च्या आसपास. तेव्हा घरोघरी लता मंगेशकर नावाच्या नव्या मुलीचा आवाज पोचत होता. पण अण्णांचा जीव अडकला होता त्याच्याही वीस-पंचवीस वर्षं आधीच्या गाण्यांत. माप बसेना.

मग आत्याने सांगितलेलं आठवलं. अण्णांचे वडील ते लहान असतानाच गेले. शिकायला म्हणून त्यांना साताऱ्याला मामाकडे ठेवलं. दुसऱ्याच्या घरी जेवणारं पोर. पाणी भर, दळण आण, निरोप सांग. पण त्या घरात चावीचा ग्रामोफोन होता आणि चावी भरायचं, सुई बदलायचं काम मामाने अण्णांवर सोपवलं होतं. मामाच्या स्वतःच्या मुलांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आत्या म्हणायची, "त्या घरात तेवढं एकच त्याच्या हक्काचं होतं." अण्णांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही फक्त एवढंच बघितलं की रेडिओच्या बटणाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मी. जन्म १९५८. साडेतेविसावं वर्ष १९८१-८२. ते डिस्कोचे दिवस. त्यातलं एकही गाणं मला धड आठवत नाही आणि आठवलं तर बरं वाटत नाही. तेव्हा मी नोकरीसाठी दारोदार फिरत होतो, एका ठिकाणी लागून सहा महिन्यांत घरी बसलो होतो. त्या गाण्यांबरोबर मला बसस्टँडवरची उभी रात्र आठवते. माझी गाणी आहेत ती १९६७ ते १९७२ मधली, म्हणजे टपरीवरची. माप इथेही बसेना.

त्या अभ्यासाला खोटं ठरवायचा माझा काही विचार नाही. शंभर माणसांची सरासरी ती सरासरी. आमचं चार माणसांचं घर त्यात बसलं नाही तर बिघडत नाही. पण आईचा आकडा मांडला तेव्हा मात्र मी थबकलो. जन्म १९३२. साडेतेविसावं वर्ष १९५५-५६. बिनाका गीतमाला सुरू झाली तेव्हा वय वीस.

म्हणजे गीतमाला ज्या पिढीची, ती पिढी माझी नव्हेच. ती आईची. मी तर गीतमाला सुरू झाल्यावर सहा वर्षांनी जन्मलो. इतकी वर्षं मी "आमच्या वेळची बिनाका" म्हणून मित्रांत मिरवत होतो आणि घरात आईला कुणी विचारलंच नव्हतं. आईची आवड म्हणजे गीतरामायण, असं आम्ही धरून चाललो होतो. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर ते सुरू झालं, छप्पन्न गाणी, वर्षभर. लोक रेडिओला हार घालून उदबत्ती लावून ऐकत. फलटणसारख्या, जिथे मध्यभागी श्रीरामाचं मंदिर आणि मार्गशीर्षात रामाचा रथ निघतो, त्या गावात तर विचारायलाच नको. आईलाही ते आवडायचंच. पण ते सगळ्यांबरोबर, चारचौघांत आवडायचं.

आणि मग त्याच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट नीट समजली, जी तेव्हा मी नुसती ऐकली होती.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले. बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि योगायोग बघा, तो बुधवार होता. मी आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आई, अगं ते बिनाकावाले अमीन सयानी गेले." आई जपाची माळ घेऊन बसली होती. माळ थांबली. म्हणाली, "किती वय होतं?"

"एक्याण्णव. बत्तीसचा जन्म."

"म्हणजे माझ्याबरोबरचाच की."

थोडा वेळ गेला. मग आपणच बोलायला लागली. मी तिचं म्हणणं जसंच्या तसं देतो.

"लग्न होऊन आले तेव्हा आपल्याकडे कुठला रेडिओ? शेजारच्या वाड्यात वकिलांकडे होता. आपली चूल त्यांच्या भिंतीला लागून. बुधवारी रात्री त्यांच्याकडं लागायचं ते सगळं भिंतीतून ऐकू यायचं. मी भाकऱ्या मुद्दाम उशिरा टाकायचे. चुलीपाशी बसलं की कुणी उठवत नाही. तुझी आजी म्हणायची, बुधवारीच बरा गं तुझा जाळ विझतो! लाकडं ओली आहेत म्हणायचे. तो माणूस बोलायचा, बहनो और भाइयो. आधी बहनो. आमच्या वेळी कोण आधी बायकांचं नाव घेत होतं?"

मी विचारलं, "मग आपला रेडिओ आल्यावर?"

"आपला रेडिओ आला आणि माझं ऐकणं बंद झालं. वकील तोवर पुण्याला गेले होते, आणि आपल्या रेडिओपाशी हे बसायचे. म्हणून तर तुला पानं आणायला पाठवायचे. म्हटलं, मला नाही तर पोराला तरी ऐकू दे. वर कुठलं होतं तेवढं कळलं की बास."

तेव्हा मी हसलो होतो. जानेवारीतल्या त्या रात्री कागदावर वर्षं मांडल्यावर मात्र हसू आलं नाही. घरात रेडिओ आला हे आम्ही सगळे घराच्या भरभराटीची खूण म्हणून सांगतो. मीही सांगत आलो. पण आईच्या हिशेबात १९६६ हे रेडिओ गेल्याचं वर्ष आहे. आणि ज्याला मी माझी आवड, माझं बालपण, माझी गाणी म्हणत होतो, तो खरं तर आईने मला सांगितलेला एक निरोप होता. मी तो दर बुधवारी ऐकून येऊन तिला पोचवत होतो.

वय आणि अनुभव यांनी आपली आवड घडते, असं म्हणतात. खरंच आहे. पण मला वाटतं यात एक गोष्ट राहून जाते. त्या वयात आपल्याला कशाची मोकळीक होती? अण्णांना मामाच्या घरी ग्रामोफोनची चावी भरायची मोकळीक होती, ते जन्मभर त्या गाण्यांचे झाले. मला बुधवारी तासभर टपरीवर उभं राहायची मोकळीक होती. आईला चुलीपाशी बसायची होती.

खेळांचंही हेच. आई माहेरी, नातेपुत्याला, नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर चढायची, विहिरीजवळच्या चिंचेवर सूरपारंब्या खेळायची. "चौदाव्या वर्षापर्यंत," ती म्हणते. मग परकर जाऊन लुगडं आलं आणि झाड सुटलं. लग्नानंतर मंगळागौरीच्या रात्री काय ती फुगडी, झिम्मा. तीही पाच वर्षं. त्यानंतर खेळ नाही. अण्णा, मी, आम्ही गडीमाणसं म्हातारपणीही पत्ते कुटत बसायचो, कॅरम खेळायचो. आई चहा करायची.

फक्त एकदा मी तिला खेळताना बघितलंय. २००३ साल असेल. आषाढात माउलींची पालखी लोणंदहून निघते, चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं, मग तरडगाव आणि तिथून आमचं फलटण. विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो. आम्ही सगळे दर्शनाला गेलो होतो. एका दिंडीत पखवाज जोरात चालला होता आणि बायका फुगड्या घालत होत्या. मराठवाड्याकडची एक बाई, आईच्याच वयाची, डोक्यावर तुळस घेतलेली. तिने तुळस दुसरीकडे दिली आणि आईपुढे हात केले. एकाहत्तर वर्षांच्या माझ्या आईने चप्पल काढली, पदर खोचला आणि हात धरून फेर धरला. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो. चारचौघांत ओळखीचे लोक होते. मी पुढे होऊन म्हणालो, "आई, अगं पडशील." तिने ऐकलं नाही. सातआठ गिरक्या झाल्या. थांबल्यावर तिला धाप लागली होती आणि ती त्या बाईच्या पाया पडली, बाई तिच्या.

घरी येताना मी तिला रागावलो. हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

वारीतल्या भजनांत आणि खेळांत फारसा फरक नसतो. संतांच्या अभंगांत फुगडी आहे, हुतुतू आहे, हमामा आहे, चेंडूफळी आहे. लोक म्हणतात, उतारवयात माणसाला भजनाची गोडी लागते. आईला भजनाची गोडी लागली होती की चौदाव्या वर्षी सुटलेला खेळ पुन्हा खेळायला परवानगी असलेली ती एकच जागा होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आता वाटतं, दोन्ही असेल. वेगळं काढायची गरजही नाही.

राहता राहिला नातू. तो मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळतो, ठोकळ्यांची घरं बांधतो आणि मी वैतागतो. त्या रात्री त्याचंही वर्ष मांडून बघितलं. मार्च २०२० मध्ये तो आठ वर्षांचा होता. शाळा बंद, सोसायटीचं मैदान बंद, खाली उतरलं तर वॉचमन हाकलायचा. त्या वयात आम्हाला गल्ली होती. त्याला मित्र भेटत होते ते त्या ठोकळ्यांच्या जगातच. तिथे तो आणि त्याच्या वर्गातली तीन मुलं मिळून एक गाव बांधत होती. त्याला मोकळीक होती ती तेवढीच. तो साठीचा होईल तेव्हा त्या खेळातलं ते टुणटुण संगीत ऐकून त्याचे डोळे भरून येतील, आणि त्याचा नातू म्हणेल, "हे काय ऐकताय?" येऊ देत. मी काही अण्णांसारखा फळीपाशी बसणार नाही. निदान प्रयत्न करीन.

सकाळी मी नातवाला म्हणालो, "तुझ्या त्या वजिराचे नियम मला परत सांग. सावकाश सांग." त्याने सांगितले. मी त्याला म्हटलं, पुढच्या सुट्टीत तुला मातीतला खो-खो दाखवतो, आमच्या शाळेच्या मैदानावर पोरं अजून खेळतात. तो म्हणाला, "गुडघे सोलतात का?" म्हटलं, "सोलतात." त्याला ते आवडलेलं दिसलं.

मग तो पणजीपाशी गेला. मोबाइलवर गीतमालेचं एक जुनं ध्वनिमुद्रण शोधून त्याने तिच्या कानाला लावलं. आई बराच वेळ ऐकत होती. मी विचारलं, "आई, तुला त्यातलं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं गं?"

आईने विचार केला. म्हणाली, "गाण्याचं असं काही नाही रे. तेवढा वेळ कुणी हाक मारायचं नाही."

तुमच्या घरात जे सगळ्यात वयस्क माणूस असेल, विशेषतः बाईमाणूस, त्यांना एकदा विचारून बघा. काय आवडतं हे नको. वीस वर्षांच्या होतात तेव्हा बुधवारी रात्री आठ वाजता काय करत होतात, ते विचारा.